खेळगड्याचा खाडा

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, मी साखर कामगारांच्या लढ्यांविषयी बोलेन. तीस वर्षे ज्याने गेटसभांतून घसा बसवला, तो माणूस दुसरे काय बोलणार? मी फुटबॉलवर बोलतो म्हटल्यावर त्यांच्यातले एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, "अहो, बारामती-इंदापुरात फुटबॉल कुठला? इथे कबड्डी, नाही तर कुस्ती." त्यांचे म्हणणे खरे आहे. आमची काळी जमीन पावसाळ्यात चेंडू गिळते आणि उन्हाळ्यात भेगा पडून पाय मोडते. शिवाय कबड्डीला चेंडू लागत नाही, बूट लागत नाहीत, बावीस माणसे लागत नाहीत. गरिबाने खेळ निवडावा तो असाच.

तरीही मी फुटबॉल धरून बसलो, याचे कारण एक शब्द आहे. तो इथल्या निम्म्या श्रोत्यांच्या तोंडचा आहे: खाडा. कामावर गेला नाही, मजुरी बुडाली, हजेरीपत्रकात रेघ पडली, की खाडा झाला. खेळणारा गडी जर कामकरी असेल, तर तो ज्या दिवशी खेळतो त्या दिवशी त्याचा खाडा होतो. तो खाडा कोणी भरून द्यायचा? या एका प्रश्नावरून पश्चिमेकडे संस्था फुटल्या, खटले झाले, गावेच्या गावे भांडली. फुटबॉलचा इतिहास वाचताना मला हा प्रश्न पानोपानी भेटला, आणि तो माझ्याही आयुष्यात एकदा भेटून गेला होता. ते पुढे सांगेन. आधी थोडे दूर जाऊ.

स्कॉटलंडात लोमंड नावाचे मोठे सरोवर आहे. त्यातून लेव्हन नावाची नदी निघते आणि पाचसहा मैल वाहून क्लाइड नदीच्या खाडीला मिळते. लांबी एवढीच, आपली कऱ्हासुद्धा तिच्यापुढे गंगा म्हणावी. पण तिचे पाणी मऊ आणि बारमाही. असे पाणी कापड रंगवायला उत्तम. म्हणून एकोणिसाव्या शतकात तिच्या काठी रंगाचे कारखाने उभे राहिले. त्यांचा खास माल म्हणजे 'तुर्की लाल' नावाचा पक्का तांबडा रंग. हे लाल कापड आणि सूत जात कुठे असे? मोठा भाग हिंदुस्थानात. मुंबई बंदरात त्याचे गठ्ठे उतरत. गिऱ्हाइकाचे मन जिंकावे म्हणून त्यावर मोरांची नक्षी छापलेली असे, आणि गठ्ठ्यावर हत्तींची नि आपल्या देवादिकांची रंगीत चित्रे चिकटवलेली असत. आपल्या पणज्यांच्या अंगावरच्या लाल कापडातले काही त्या खोऱ्यातल्या मजुरांच्या हातचे असले, तर मला नवल वाटणार नाही.

त्या खोऱ्यात रेंटन नावाचे लहानसे गाव आहे. वस्ती सगळी रंगकारखान्यावर जगणारी. १८७२ साली या गावाने फुटबॉलचा क्लब काढला. शेजारीच 'व्हेल ऑफ लेव्हन' नावाचा दुसरा क्लब होता, आणि नदीच्या मुखाशी डंबार्टन शहराचा तिसरा. या एवढ्याशा पट्ट्याने त्या काळी साऱ्या स्कॉटलंडला धूळ चारली. व्हेल ऑफ लेव्हनने १८७७, १८७८ आणि १८७९ अशी लागोपाठ तीन वर्षे स्कॉटिश चषक जिंकला. रेंटनने तो १८८५ मध्ये आणि पुन्हा १८८८ मध्ये जिंकला. दुसऱ्या वेळी अंतिम सामन्यात सहा विरुद्ध एक अशा फरकाने. आपल्याकडे नीरा डावा कालवा वाहू लागला तो याच १८८५ सालच्या सुमारास. इकडे दुष्काळी कामावर खणलेल्या पाटात पाणी सुटत होते, आणि तिकडे रंगाऱ्यांची पोरे चषक नाचवीत होती.

१८८८ च्या मे महिन्यात तर कमाल झाली. इंग्लंडचा चषक जिंकलेला वेस्ट ब्रॉमविच अल्बियन हा संघ ग्लासगोला आला आणि रेंटनने त्याला चार विरुद्ध एक असे हरवले. त्या सामन्याची जाहिरातच जगज्जेतेपदाचा सामना म्हणून झालेली होती. जगात दुसरे कोण खेळत होते म्हणा! पण गावाने ते मनावर घेतले आणि आपल्या मंडपावर 'जगज्जेते' अशी पाटी लावली. मला त्यांचे हसू येत नाही. आपल्याकडे पंचक्रोशीतले मैदान मारणाऱ्या पैलवानाच्या घरावर काय काय लिहिलेले असते, ते आपण पाहतोच.

पैलवानावरून आठवले. रेंटनच्या खेळाडूंचा खुराक प्रसिद्ध होता. त्याला 'चिकन ब्री' म्हणत. नाव कोंबडीच्या रश्श्याचे, पण प्रत्यक्षात तो पोर्ट नावाच्या दारूत कच्चे अंडे फेटून केलेला घोट असे, असे सांगतात. आमच्या तालमीतली बदामाची थंडाई मला त्याहून बरी वाटते. मुद्दा असा की, खुराकाचा खर्च क्लब करी. दारू-अंडी देणे नियमात बसत होते. मजुरी बुडाली तिचे पैसे देणे मात्र नियमात बसत नव्हते.

इथे नियम समजून घेतला पाहिजे. फुटबॉलचे कायदेकानू केले ते मुख्यतः मोठ्या घरच्या, मोठ्या शाळांत शिकलेल्या लोकांनी. त्यांच्या मते खेळ हा हौसेचा. पैसे घेऊन खेळणे म्हणजे हलकेपणा. ज्याच्या घरी जमिनीचा खंड येतो त्याला असे म्हणणे परवडते. परंतु खेळ पसरला तो कामकऱ्यांत. त्याला कारण एक कायदाच होता. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने विलायतेतल्या कापडगिरण्यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबू लागले. पुढे ही सवलत इतर धंद्यांत झिरपली. शनिवारी दुपारी हजारो धडधाकट माणसे एकाच वेळी मोकळी झाली. त्यातले बावीस खेळू लागले आणि उरलेले पाहू लागले. विलायतेत सामने शनिवारी दुपारी का सुरू होत, याचे उत्तर खेळाच्या पुस्तकापेक्षा फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या पुस्तकात लवकर सापडते.

पण संघ चांगला झाला की लांबच्या गावी जावे लागते. शनिवारची सकाळ बुडते, कधी शुक्रवारही बुडतो. हा बुडालेला वेळ म्हणजे तिकडच्या भाषेत 'ब्रोकन टाइम', मोडलेला वेळ. आपला खाडा. खाडा भरून द्यावा की नाही, यावर इंग्लंडने १८८५ साली हार मानली आणि फुटबॉलमध्ये पैसे देणे कायदेशीर केले. स्कॉटलंड हट्टाला पेटून १८९३ पर्यंत 'हौशी'च राहिले. रग्बीच्या खेळात तर याच कारणावरून उभी फूट पडली. उत्तर इंग्लंडातल्या क्लबांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या एका हॉटेलात बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली. त्यांची मागणी फार मोठी नव्हती. बुडालेल्या दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई, एवढीच. ही बैठक मी प्रथम वाचली तेव्हा मला ती युनियनच्या स्थापनेची बैठक वाटली, आणि अजूनही वाटते.

आता ज्या स्कॉटलंडात पैसे देणे निषिद्ध होते, तिथे काय चालले होते? देणे चालूच होते. फक्त ते वहीत नव्हते. रेंटनचा मधल्या फळीतला मोठा खेळाडू जेम्स केली हा धंद्याने सुतार. १८८८ मध्ये ग्लासगोच्या नव्या सेल्टिक क्लबने त्याला ओढून नेले. तो हौशी खेळाडू होता, एक कवडी घेत नव्हता, आणि थोड्याच काळात तो एका दारूच्या गुत्त्याचा मालक झाला. यावर मी अधिक बोलत नाही.

मोठ्या शहराला असे करणे जमे, गावाला जमत नसे. १८९० मध्ये स्कॉटिश लीग निघाली. तिच्या अकरा संस्थापक क्लबांपैकी तीन या लेव्हनच्या काठचे होते. पण त्याच हंगामात एडिंबरोच्या सेंट बर्नार्ड्स या क्लबवर छुपे पैसे दिल्याचा ठपका आला, आणि रेंटनने त्याच मंडळींच्या, वेगळे नाव धारण केलेल्या संघाशी एक सामना खेळला. एवढ्या अपराधावरून रेंटनला पाच सामन्यांनंतर काढून टाकण्यात आले आणि त्याचे निकालही पुसले गेले. रेंटनवाले गप्प बसले नाहीत. ते कोर्टात गेले, जिंकले, आणि पुढच्या हंगामात परत आले. दोनच वर्षांत पैसे देणे कायदेशीर झाले; म्हणजे ज्या पापाच्या सावलीसाठी गावाला शिक्षा झाली, ते पाप पुण्य ठरले. पण तोवर गावातले खेळाडू शहरांकडे आणि इंग्लंडकडे निघून गेले होते. १८९७ मध्ये रेंटनने लीग सोडली आणि १९२२ मध्ये क्लब मिटला. रंगाच्या कारखान्यांनीही याच काळात उतरती कळा पाहिली. तीन मोठ्या पेढ्या १८९७-९८ मध्ये एकत्र करून एक कंपनी झाली, आणि १९११ मध्ये तिच्याविरुद्ध कामगारांनी मोठा संप केला. त्यात बायका आघाडीवर होत्या. फुटबॉलच्या इतिहासात त्या बायकांचे नाव येत नाही. वास्तविक त्या 'जगज्जेत्यां'च्या आया-बहिणी त्याच असणार.

असो. आता मुंबईला येऊ.

रेंटनचे लाल कापड ज्या बंदरात उतरत होते, तिथल्या गिरण्यांत तेव्हा शनिवार नव्हता आणि रविवारही नव्हता. यंत्र बंद राहील तेव्हा सुटी. तीही यंत्र पुसायला बोलावले नाही तर. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपण ऐकलेले आहे. मूळ आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे घराणे, जन्म ठाण्याचा, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली. रविवारच का, असे विचारणाऱ्यांना रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार आहे असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. साहेबाचा वार आणि देवाचा वार एकच निघाला, हे आपले भाग्य. सहा वर्षे मागणी चालली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली.

बरोबर पुढच्या वर्षी, म्हणजे १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. स्पर्धा गोऱ्या पलटणींची होती आणि पहिला चषकही पलटणीनेच नेला. देशी संघाने तो प्रथम नेला १९३७ मध्ये, तो बंगळूरच्या 'बंगलोर मुस्लिम्स'ने. परंतु माझ्या मनात ही दोन साले जवळजवळ बसून राहिली आहेत. पलटणीतल्या शिपायाला खाडा नव्हता. त्याला खेळण्याचाच हुकूम असे. गिरणगावातल्या माणसाला आदल्याच वर्षी पहिला मोकळा दिवस मिळालेला. त्याने त्या दिवशी काय केले? लेझीम खेळला, कुस्ती खेळला, हुतूतू खेळला, भजनाला बसला. चेंडू त्याच्याकडे यायला आणखी वेळ लागला.

तो आला तो कंपन्यांच्या वाटेने. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईतल्या मोठ्या कंपन्या, तेलाच्या पेढ्या, गिरण्या, रेल्वे आणि पोलीस यांनी आपापले संघ बांधले. टाटांचा संघ होता, कॅल्टेक्सचा होता. पुढे मफतलालचा, ओर्के मिलचा आला. महिंद्रांचा १९६२ पासून होता. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ज्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले आणि भारताला उपान्त्य फेरीत नेले, तो नेव्हिल डिसोझा टाटांच्या संघातून पुढे आलेला. ही पद्धत मला कामगार म्हणून मोठी नामी वाटते. खेळाडू पगारपत्रकावर असे. सकाळी हजेरी, दुपारनंतर सराव. प्रॉव्हिडंट फंड कापला जाई. गुडघा गेला, वय झाले, तर त्याच कचेरीत टेबल मिळे आणि साठीला निरोपसमारंभ होई. त्याला व्यावसायिक म्हणावे की हौशी? कागदावर कारकून आणि पायाने फुटबॉलपटू. रेंटनने जे चोरून केले, ते मुंबईने हजेरीपटावर उघड केले. खाड्याचा प्रश्न इतक्या सोप्या रीतीने कोणी सोडवला नव्हता.

त्यात खोट एकच. संघ कंपनीचा होता, म्हणजे कंपनीच्या मर्जीचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली आणि बहुतेक परत गेली नाहीत. गिरण्यांबरोबर त्यांचे संघही गेले, मग ते कबड्डीचे असोत की फुटबॉलचे. महिंद्रांच्या संघाने तर २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. पुण्यात २००७ मध्ये एका उद्योगसमूहाने पुणे एफसी काढला. २०१२-१३ मध्ये तो आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि काही वर्षांत तोही दिसेनासा झाला. गोव्यात खाणवाल्यांचे क्लब होते; त्यातल्या डेंपोने देशाची लीग पाच वेळा जिंकली. तो आणि साळगावकर हे २०१६ मध्ये फेडरेशनच्या धोरणाच्या निषेधार्थ आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांची बाजू कदाचित बरोबर असेल. पण निर्णय घेताना बचाव फळीतल्या गड्याला कोणी विचारले नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

मग या महाराष्ट्रात असा एखादा क्लब आहे काय की, जो कोणाच्या सहीने बंद होत नाही? आहे. एक नव्हे, पुष्कळ आहेत, आणि ते कोल्हापुरात आहेत.

कोल्हापूर ही कुस्तीची पेठ. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले आणि गल्लोगल्ली तालमी पोसल्या. त्याच तालमींनी पुढे फुटबॉल उचलला, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, जुना बुधवार तालीम. ही नावे ऐकून कोणी म्हणेल लाल मातीत शड्डू ठोकणारे पैलवान असतील. हे सगळे फुटबॉलचे संघ आहेत. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे, फुलेवाडीचे मंडळ आहे. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. लोक तिला केएसए म्हणतात. तिच्याकडे खेळाडूंची नोंदणी होते, लीग होते, आणि मग एकामागून एक चषकांच्या स्पर्धा थेट पावसाच्या तोंडापर्यंत चालतात. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर.

मी कामगार परिषदेच्या निमित्ताने कोल्हापूरला गेलो की, संध्याकाळी सामना असेल तर चुकवत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक सत्तरीचे आजोबा बसले होते. मी सहज विचारले, "तुम्ही कुणाचे?" ते म्हणाले, "पेठेचे." मला वाटले मी संघाचे नाव विचारले हे त्यांना कळले नाही. पुढे कळले की, न कळलेला मीच होतो. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, रविवार पेठ हेच तिथले पक्ष. मूल जन्मते तेच एका बाजूचे. तालमीचा गणपती, तालमीची शिवजयंती, तालमीचा संघ, सगळे एकाच वर्गणीवर चालते. २०१९ च्या महापुरात याच तालमींची पोरे माणसे बाहेर काढीत होती.

यात सगळे गोड आहे असे मात्र नाही. पेठेचा अभिमान मैदानात उतरला की दगडही उतरतात. मोठ्या सामन्याला पोलीस बंदोबस्त असतो, आणि सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग झाले आहेत. अलीकडच्या काळात तालमींनी बाहेरचे, अगदी नायजेरियाचेही खेळाडू आणले. गल्लीतल्या पोराला बाकावर बसवून परदेशी पाहुणा खेळवायचा, यावर तिथे बरीच चर्चा झाली. मला त्यात पाहुण्याचा दोष दिसत नाही. तोही पोटासाठी आलेला कामगारच.

कोल्हापूरच्या संघातला गडी कोण असतो? कोणी महाविद्यालयात, कोणी दुकानावर, कोणी कारखान्यात पाळीवर, कोणी वडिलांच्या धंद्यात. तालीम त्याला काही मानधन देते, बूट-कपडे देते, जिंकले तर बक्षिसातला वाटा. पोट त्यावर भरत नाही, पण चार पैसे मिळतात. यालाच विलायतेत अर्धव्यावसायिक म्हणतात. रेंटनचा रंगारी आणि पाटाकडीलचा एखादा फिटर यांची ओळख करून दिली असती, तर त्यांना दुभाष्या लागला असता, पण एकमेकांची अडचण समजायला वेळ लागला नसता. यातूनच काही जण वर जातात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत भारताकडून खेळला. त्या दिवशी कोल्हापुरात काय झाले असेल, ते सांगायला नको.

तालीम कोणी बंद करू शकत नाही, कारण ती कोणाची एकट्याची नाही. हा तिचा मोठा गुण. पण तिच्याकडे प्रॉव्हिडंट फंड नाही, आणि खेळताना मोडलेल्या पायासाठी वर्गणी काढावी लागते. एका बाजूला पगार देणारी पण बंद होणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला बंद न होणारी पण पगार न देणारी तालीम. मला कोणी यातून निवड करायला सांगितले, तर माझे मन तालमीकडे जाते आणि माझी बायको मला कंपनीकडे ढकलते. तिचे बरोबर आहे, कारण पाय मोडल्यावर काय होते ते तिने पाहिले आहे.

ते आता सांगतो. १९९२ सालची गोष्ट. मी एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही; त्या वेळचे लोक गेले, आणि आताच्या लोकांचा त्यात काही अपराध नाही. मी नववीपर्यंत शिकलेलो. कागदावर मी ऊस वजनकाट्यावरचा मदतनीस. खरे काम कबड्डीच्या संघात डाव्या कोपऱ्यावर उभे राहून पकडी करायचे. मला नोकरी लागली तीच माझी एक पकड पाहून. तेव्हा मला वाटे, आपल्यासारखा सुखी कोणी नाही. गळीत हंगामात इतर गडी रात्रपाळीला चिपाडाच्या धुरळ्यात उभे असत, आणि आम्ही कारखान्याच्या गाडीतून सामन्याला निघालेले असू. अंगात कारखान्याचे नाव छापलेले बनियन असे.

फेब्रुवारीतला सामना होता, परगावी, रात्रीचा, दिव्यांच्या उजेडात. मी चढाईवाल्याचा घोटा धरला. त्याने उडी घेतली. माझा गुडघा जागच्या जागी फिरला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असे मित्र सांगतात. मला सरकारी दवाखान्यात नेले, प्लॅस्टर झाले. पगाराच्या दिवशी घरी पाकीट आले, ते नेहमीपेक्षा पातळ होते. हजेरीपत्रकात सत्तावीस खाडे धरलेले.

मी कुबडी घेऊन कचेरीत गेलो. म्हटले, कामावर असताना लागले आहे. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारले, "तुझे काम काय? वजनकाटा. काट्यावर लागले का?" मी म्हटले, "मग मला तिकडे नेले कशाला?" ते म्हणाले, "ती तुझी हौस." हंगाम संपला. पुढच्या दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला तेव्हा माझे नाव यादीत नव्हते. त्यामुळे हंगामी कामगाराला बिनहंगामात मिळतो तो रिटेन्शन भत्ताही गेला.

युनियनमधल्या एका म्हाताऱ्या फिटरने मला सांगितले, रडू नको, वाच. मी नगरवाचनालयात बसून १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा शब्दकोश हाताशी घेऊन वाचला. त्यात असे आहे की, अपघात नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरीच्या ओघात झालेला असला पाहिजे. हे शब्द २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उतरले आहेत. सगळे भांडण त्या 'नोकरीच्या ओघा'त आहे. खेळायला घेतलेल्या माणसाची नोकरी कोणती, काट्यावरची की मैदानातली? माझ्याकडे काट्याची चिठ्ठी होती, मैदानाची नव्हती. मी दावा लावला नाही. लावायला पैसे नव्हते. रेंटनवाल्यांनी कोर्टात जायची हिंमत केली म्हणून त्यांचे मला कौतुक वाटते, ते यामुळे. त्याच वाचनालयात कायद्याच्या कपाटाशेजारी खेळांच्या पुस्तकांचे कपाट होते. फुटबॉल मला तिथे भेटला.

आज दिवस बदलले आहेत. २००५ पासून महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत. २०१४ पासून प्रो कबड्डी सुरू झाली, आणि खेड्यातल्या पोराला एका हंगामात जे मिळते ते ऐकून माझ्या पिढीला घेरी येते. त्या खेळाडूंची बोली लागते तिला सर्रास 'लिलाव' म्हणतात. शब्द माझ्या कानाला टोचतो; आमच्याकडे लिलाव गुळाचा आणि बैलांचा. परंतु पोरे आनंदात आहेत, तर मी कोण तक्रार करणार? मला चिंता आहे ती लिलावापर्यंत न पोचलेल्यांची. असा प्रत्येक एका मुलामागे गावोगावच्या स्पर्धांत खेळणारे शेकडो असतात, आणि त्यातले पुष्कळ जण अजून कोणाच्या तरी बनियनमध्ये, कोणाच्या तरी गाडीतून, 'हौसे'ने जातात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यात पगाराच्या बोलणीला मी युनियनच्या बाजूने बसलो होतो. मागण्यांच्या यादीत शेवटी मी दोन कलमे घातली. आमच्याच कार्यकारिणीतले लोक म्हणाले, "दादा, महागाई भत्त्याचे चालले आहे, त्यात हे कबड्डीचे कशाला?" पण घालू दिले. पहिले कलम असे की, कारखान्याच्या संघातून जो खेळायला जाईल त्याचा तो दिवस हजर धरावा. दुसरे असे की, त्या खेळात झालेली इजा कामावरची इजा मानावी.

पहिल्या कलमावर पाच मिनिटेही लागली नाहीत. समोरच्या बाजूचे एक तरुण अधिकारी स्वतः महाविद्यालयात खेळलेले होते. ते म्हणाले, हे तर आधीच असायला हवे होते. दुसऱ्या कलमावर त्यांनी कायदा सल्लागाराचे मत घेतो असे सांगितले. करारावर सह्या झाल्या तेव्हा ते कलम परिशिष्टात गेले होते आणि त्यापुढे 'विचाराधीन' असे लिहिले होते. त्या कराराची मुदत येत्या वर्षी संपते. नवीन मागणीपत्राचा खर्डा माझ्या टेबलावर आहे, आणि या वेळी ते कलम मी पहिल्या पानावर घेतले आहे.